खालची ओळ वाचू नका

उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी प्रणाली, अपडेट करायला आषाढातली संध्याकाळ धरावी. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो, तिथे ही सोय फार चांगली आहे. कौलांवर पाऊस दणदणत असावा आणि लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली असावी. अपडेट निम्म्यावर आलं की वीज जाते. एवढी वेळ पाळणारं दुसरं काही आमच्या वाड्यावर नाही.

वीज आल्यावर पुन्हा सुरुवात करा. पडद्यावर ओळ उमटेल : डीपीकेजीचं (प्रोग्रॅमांचे गठ्ठे, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या अवजाराचं) काम मध्येच तुटलंय, ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ हे स्वतः चालवा. ही ओळ अजिबात वाचू नका. आजारी माणसानंच औषध सांगायचं आणि आपण ऐकायचं? “अहो, खाली लिहिलंय ना काय करायचं ते,” असं बायको म्हणेल. तिला चहा टाकायला पाठवा.

खरं तर भानगड क्षुल्लक असते. १९९३च्या डेबियन प्रणालीच्या खांद्यावर २००४मध्ये उबुंटू उभं राहिलं, आणि दोन्हीकडे पॅकेज बसतं ते दोन टप्प्यांत. आधी फायली उलगडतात, मग त्यांची जोडणी होते. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसारखंच. चौकट छताला टांगून झाली, पण नारळ, सुपारीचे घोस, कांगलं बांधायचं राहिलं, इतकंच. राहिलेलं बांधलं की झालं. पण दोन मिनिटांत मिटलं तर शेजाऱ्यांना सांगायचं काय?

म्हणून कुलपापासून सुरुवात करा. कधी कधी पॅकेजं आणून डीपीकेजीच्या हाती देणारं ॲप्ट सांगतं, थांबा, दुसरं कुणीतरी काम करतंय. बहुतेक वेळा मागे आपोआप चालणारं सुरक्षेचं अपडेट असतं, थोड्या वेळात उरकतं. पण थांबायचं कशाला? ते कुलूप म्हणजे ‘लॉक-फ्रंटएंड’ नावाची फाईल, ती सरळ उडवा. न्हाणीघराची कडी आतून लावलेली दिसली की आपण दार बिजागरीसकट उखडतोच ना? आत आंघोळ चालू असली तर तो आतल्याचा प्रश्न. पॅकेजांच्या नोंदवहीत मग दोघे एकदम लिहू लागतात आणि खरी मजा येते.

आता बंगळुरूच्या भाच्याला फोन करा. “मामा, ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ दिलंत?” तो व्हॉट्सॲपवर कमांड पाठवेल. वाटेत एखादा शहाणा फोन दोन बारीक रेघांची एक लांब रेघ करून टाकतो, आणि ती तशीच चिकटवली की यंत्राला ओ की ठो कळत नाही. त्यावरून भाच्याला काही येत नाही हे सिद्ध करा. (त्याच्या आईलाही कळवा.)

शेवटचा उपाय पायथनचा, म्हणजे उबुंटूची बरीच अवजारं जिच्यावर चालतात त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा. चुकांच्या यादीत ‘पायथन३’ दिसतंय ना? मग तेच काढा. आपण कुठे पायथन शिकलोय? कमांड दिली की निघणाऱ्या पॅकेजांची भलीमोठी यादी सरकते, तीत ‘उबुंटू-डेस्कटॉप’ असं काहीसं ओझरतं दिसतं. यादी वाचणं आपल्याला शोभत नाही. पूर्वी अगदी प्राणाशी बेतणारी पॅकेजं काढताना ॲप्ट ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य, उद्गारचिन्हासकट, टंकायला लावायचं. २०२१ साली तोही मान काढून घेतला. पायथनला मात्र नुसता ‘वाय’ पुरतो. तो दाबा आणि यंत्र बंद करून चालू करा.

माझ्या पडद्यावर चित्र आलं नाही, रंग आला नाही. काळ्या पाटीवर एक पांढरी ओळ आणि तिच्यापुढे लुकलुकणारी रेघ. तेवढ्यात चहा आला.

“आता काय म्हणतोय तो?”

“माझं नाव विचारतोय.”