पिच मोजले म्हणून मुलगा नाजूक होतो का?

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेचा रोख असा आहे: मुलाच्या बेसबॉल मॅचच्या दिवशी बापाने पिच (म्हणजे पिचरने बॅटरकडे टाकलेले चेंडू) मोजावेत, वेळेवर खायला घालावं आणि परत येताना गाडीत गप्प बसावं, असं मी लिहिलं, हा बाप नव्हे, मुनीम झाला. पूर्वीची मुलं दिवसभर फेकायची, त्यांना काय झालं? आणि हात दुखला तर मुलगा सांगेलच की!

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. मुलगा सांगत नाही. अकरा वर्षांच्या पोराला माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावरून) उतरायचंच नसतं, त्यामुळे 'हात ठीक आहे ना?' याला ठरलेलं उत्तर येतं. विचारण्यापेक्षा बघा. हात दमला की कोपर खांद्याच्या रेषेखाली यायला लागतं, चेंडू हातातून लवकर सुटतो आणि कॅचरच्या (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) डोक्यावरून जायला लागतो. दोन पिचमधला वेळ वाढतो. मुलगा टोपी नीट करतो, माती उकरतो, हात झटकतो. आपण स्टँडमधून 'खाली टाक, खाली!' असं ओरडत असतो, आणि खरा दोष नेमाचा नसून थकव्याचा असतो. थकलेल्या हाताने नियमित पिचिंग करणाऱ्या किशोरवयीन मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट असल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००६ साली दिसलं होतं.

दिवसभर फेकण्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. अंगणात बापलेकांनी खेळलेला कॅच हाताला चांगलाच. तो मी मोजायला सांगितलेलाच नाही. मोजायचे ते मॅचमधले, बॅटरला पूर्ण ताकदीने टाकलेले पिच. पूर्वी हंगाम संपला की खेळ बदलायचा. आज तोच मुलगा शनिवारी स्थानिक लीगच्या संघाकडून आणि रविवारी बाहेरगावी जाऊन खेळणाऱ्या ट्रॅव्हल टीमकडून टाकतो. प्रत्येक कोचकडे आपापल्या संघाचा हिशोब असतो, आणि तो तिथे चोख असतो. दोन्ही वह्यांची बेरीज करणारा माणूस घरातच असावा लागतो. मुनीम म्हणा हवं तर, पण ही बेरीज दुसरं कोणी करत नाही.

आकडे परत देतो, कारण तुम्ही ८५ हे 'लक्ष्य' धरलेलं दिसतंय. ती कमाल मर्यादा आहे. मेजर लीग (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल या संघटनेच्या 'पिच स्मार्ट' या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसाला ९-१० वयाला ७५, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५. विश्रांती चौदा वर्षांपर्यंत अशी: २० पिचपर्यंत काही नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार. म्हणजे शनिवारी ४० पिच टाकले तर रविवार-सोमवार सुट्टी, मंगळवारी पुन्हा माउंड. वर्षात चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग. बारा वर्षांपर्यंत फास्टबॉल (वेगवान सरळ चेंडू) आणि चेंजअप (तशाच हालचालीने टाकलेला संथ चेंडू) पुरे; कर्व्हबॉलची (वळणाऱ्या चेंडूची) घाई बहुतेक वेळा बापालाच असते.

'नाहीतरी टॉमी जॉन शस्त्रक्रिया आहेच, हात उलट जास्त मजबूत होतो' हे तुमचं वाक्य मात्र मला खरोखर खटकलं. ती शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली. त्याला मेजर लीगमध्ये परतायला १९७६ उजाडलं. तीत कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध नव्याने बसवतात. लहान मुलात बहुतेक वेळा आधी दुखावते ती हाडाच्या वाढीची कूर्चा, कारण त्या वयात ती अस्थिबंधापेक्षा कमजोर असते. कोपराच्या आतल्या उंचवट्यावर बोट दाबून दुखत असेल, तर पिचिंग थांबवून डॉक्टर गाठायचा. बर्फ लावून पुढची मॅच खेळवायची नाही.

आता खाण्याचं. हॉटडॉगवर (पावात घातलेल्या सॉसेजवर) माझा राग नाही. मॅचनंतर खुशाल खा. आधी खाल्ला तर त्यातल्या चरबीमुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि दुसऱ्या इनिंगला मुलगा जड होतो. तीन तास आधी पास्ता किंवा भात, सोबत थोडं चिकन. तासभर आधी केळं किंवा जॅम लावलेला टोस्ट. उन्हात ९-१२ वयाच्या मुलाला दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिली पाणी, तहान लागायची वाट न बघता. स्टँडमध्ये चार वर्षांखालचं भावंड असेल तर हॉटडॉगच्या गोल चकत्या देऊ नका, त्या घशात बुचासारख्या बसतात. आधी उभे चार भाग, मग बारीक तुकडे. सूर्यफुलाच्या बिया त्याला नकोतच.

गाडीतल्या गप्प बसण्यावर तुम्ही विचारता, चूक लगेच दाखवली नाही तर शिकणार कसा? गाडीत त्याच्या हातात ग्लव्ह नसतो, म्हणून. पायांमधून ग्राउंडर (जमिनीवरून सरपटत आलेला चेंडू) गेला असेल तर दुसऱ्या दिवशी पंधरा फुटांवरून हातानेच वीसेक चेंडू सरपटत टाका. ग्लव्हची बोटं आधीच मातीला टेकलेली हवीत. उसळलेल्या चेंडूसाठी ग्लव्ह वर नेणं सोपं, ऐन वेळी खाली आणणं अवघड. गडबड तिथेच होते. त्या दिवशी तेवढंच. बॅटिंगचा विषय काढू नका.

पिचिंग संपल्यावर मुलाला कॅचर केलं तर काय बिघडतं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कॅचर प्रत्येक पिच परत फेकतो, म्हणजे विश्रांतीच्या नावाखाली हात चालूच राहतो. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत ४१ किंवा जास्त पिच टाकणाऱ्याला त्या दिवशी कॅचर होता येत नाही. पिच स्मार्ट तर एकाच मॅचमध्ये दोन्ही कामं नकोतच म्हणतं. कोचने विचारलं तर फर्स्ट बेस (पहिल्या बेसवरची क्षेत्ररक्षणाची जागा) सुचवा. तिथे झेलायचं जास्त आणि फेकायचं कमी.