साधं भोक नाही हो ते!
लेख छान, पण त्यात पेशीच्या केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्राला 'साधं भोक' म्हटलंय ते काही पटलं नाही. मी साताऱ्यात बारावीला बायो शिकवते, फळ्यावर आठ पाकळ्यांचं फूलच काढते, कारण खरंच आठ सारखे भाग गोलात बसलेत, प्रोटीन्स साधारण ३० प्रकारची पण प्रत्येकाच्या कितीतरी कॉपी, माणसाच्या पेशीत एका छिद्राला सगळी मिळून हजारच्या आसपास! आणि मधल्या प्रोटीन्सना तर पक्का आकारच नाही, सुट्या लोकरीसारखी लोंबतात, त्यात फिनाइलॲलनिन-ग्लायसीन ही अमिनो आम्लांची जोडी परत परत येते. छोटे रेणू आपोआप जातात, मोठ्यांना वाहक प्रोटीन लागतं, ते या धाग्यांना धरत-सोडत पलीकडे नेतं. एवढं तरी लेखात घाला ना, आमची पोरं वाचतात हे.