पासष्ट म्हण, म्हणजे साठ मिळतील

नागनाथ पाराजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी रात्री मक्याने एक खोडी काढली. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्याच्या खोड्यांनाही गृहपाठ असतो. त्याच्या स्कूटरचा आरसा आणि समोरचं पॅनेल फुटलं होतं. मला बाजूला घेऊन विचारलं, "खर्च बारा हजारांच्या वर जाईल की खाली? किती येईल?" मी म्हटलं, "खाली. सात येईल." नंद्याला नेऊन हेच विचारलं, फक्त बाराच्या जागी दोन हजार म्हणाला. नंद्याचं उत्तर, तीन.

"बघा," मक्या म्हणाला, "आकडा मी उगाच फेकला आणि दोघंही त्याच्या आसपासच घुटमळलात. न्यायाधीशांचंही असंच होतं."

नंद्या शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघाताचे दावे चालवतो. तो उखडला. "माझं अडाणीपण कोर्टाच्या माथी मारू नकोस."

मग मक्याने जर्मनीतला 2006 सालचा प्रयोग काढला. कायद्याचं शिक्षण झालेल्या लोकांना दुकानातल्या चोरीचा एक खटला वाचायला दिला. सरकारी वकिलाची मागणी किती महिन्यांची, हे त्यांनीच फासे टाकून ठरवायचं. फासे मुद्दाम असे केलेले, की बेरीज तीन किंवा नऊच यावी. ज्यांना तीन पडले त्यांनी सरासरी पाच महिने शिक्षा दिली, नऊवाल्यांनी आठ. आपण स्वतःच्या हाताने फासे टाकलेत, हे माहीत असून!

एवढ्यात बापू आला. नाना पेठेत त्याचं स्पेअर पार्टचं दुकान. मक्याने त्यालाही बारा हजारांचा चकवा दिला. बापूने त्याच्याकडे बघितलंही नाही. "मॉडेल कुठलं? ओरिजिनल की लोकल? लोकल असेल तर मजुरी धरून अठराशे."

नंद्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "हेच! बापूकडे रेट आहेत. आमच्याकडेही आहेत." सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सरला वर्मा खटल्यात भरपाई काढायला गुणकाचा तक्ता घालून दिला. मयत 31 ते 35 वर्षांचा असेल तर घरच्यांच्या वाट्याची वर्षाची रक्कम 16 ने गुणायची, 36 ते 40 चा असेल तर 15 ने. चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर मयताच्या उत्पन्नातून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा आधी वजा करायचा. "मागणी किती का लिहिलेली असेना, कोर्ट तक्ता लावतं."

"पण हाही शॉर्टकटच ना?" मी विचारलं. घरच्यांच्या वाट्याला वर्षाला 2,52,000 येत असतील, तर माणूस पस्तिसाव्या वर्षी गेला की छत्तिसाव्या, यावर तेवढ्याच रकमेचा फरक पडतो. एका वाढदिवसाचे अडीच लाख!

"आहेच शॉर्टकट," नंद्या म्हणाला. "पण छापलेला आहे. चुकला तर बोट ठेवून अपील करता येतं."

मला हे पटलं. मक्या म्हणाला, तुरुंगाच्या महिन्यांचा रेट बापूच्या दुकानात नसतो. तेही पटलं. माझं असंच होतं.

मग इस्राएलची गोष्ट निघाली, ती निघतेच. पॅरोलचे निर्णय, 2011 चा अभ्यास. खाणं झाल्यावर लगेच जवळपास 65 टक्के अर्ज मंजूर, मग उतरत उतरत शून्याजवळ. भुकेला न्यायाधीश कडक! नंद्या हसला. "बोर्ड, म्हणजे प्रकरणांचा क्रम, कोण लावतं ते विचार आधी." त्याचा नेम बरोबर बसला होता. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं बऱ्याचदा सत्राच्या शेवटी येत आणि त्यांचे अर्ज तसेही जास्त फेटाळले जात, असा आक्षेप त्याच वर्षी घेतला गेला होता. मक्यानेही मान हलवली. आकडे खरे होते, पण सगळा दोष भुकेवर टाकता येत नव्हता.

दुसरा चहा येईपर्यंत नंद्याचा फोन वाजला. ज्युनियरचा होता. अपघातात गेलेल्या एका बाईंचा दावा उद्या दाखल करायचा होता. बाई घर सांभाळून डबे करायच्या, हिशेबाची वही नाही, बँकेत नोंद नाही. उत्पन्नाचा रकाना कोरा. नंद्या उठून पाराच्या पलीकडे गेला, पण आवाज कोर्टातलाच.

"महिना पंचवीस हजार धर. आणि एकूण मागणी? साठ... नको, पासष्ट लिही."

वळून बघतो तर आम्ही तिघंही त्याच्याकडेच बघत होतो.

"काय? बापू, बिस्किटं सांग रे," तो म्हणाला.