हेस्टिंग्ज स्ट्रीटचा उल्लेख राहून गेला

उपनगरांतील मॉलमुळे अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या मध्यवर्ती भागातील दुकानांचा धंदा बसला, हे लेखातील प्रतिपादन हडसन्ससारख्या मोठ्या दुकानापुरते बऱ्याच अंशी पटते. मात्र वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन यांच्या आराखड्यानुसार नॉर्थलँड हे उपनगरातील मॉलचे संकुल १९५४ साली उभारले ते खुद्द हडसन्सनेच, म्हणजे शहराच्या मध्यातील वुडवर्ड ॲव्हेन्यूवरील आपल्या दुकानाच्याच गिऱ्हाइकाला बाहेरची वाट त्यांनी स्वतः दाखवली, हेही सांगायला हवे होते.

लेखात उल्लेख राहून गेलेल्या, डेट्रॉइटमधल्याच हेस्टिंग्ज स्ट्रीटची गोष्ट अगदी निराळी आहे. घरे देताना पाळल्या जाणाऱ्या वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय कुटुंबांना शहराच्या मोजक्याच भागांत राहता येत असे, आणि त्यांच्या गरजा भागवणारी दुकाने, केशकर्तनालये व खाणावळी या रस्त्यावर दाटीने वसल्या होत्या. जो व्हॉन बॅटल यांनी १९४५ साली येथे ध्वनिमुद्रिकांचे दुकान काढले आणि मागच्या खोलीत ध्वनिमुद्रणही सुरू केले, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचने आणि त्यांची किशोरवयीन कन्या, पुढे जगप्रसिद्ध गायिका झालेली अरेथा, हिची भक्तिगीते ध्वनिमुद्रित करणारे हेच ते दुकानदार. (एका गल्लीतल्या दुकानाची ही कामगिरी मला तरी हडसन्सच्या भव्य इमारतीपेक्षा मोठी वाटते.)

येथे गिऱ्हाईक आटले नव्हते. क्रायस्लर फ्रीवे या महामार्गासाठी रस्ताच उखडला गेला. त्या काळी जागेचा मोबदला मिळे तो मालकाला. भाड्याच्या गाळ्यात वर्षानुवर्षे जमवलेल्या गिऱ्हाइकीची किंमत कोण मोजणार? बॅटल यांनी पुढे बाराव्या रस्त्यावर नव्याने दुकान थाटले, आणि १९६७ च्या दंगलीत तेही गेले.