गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे

'गवती चहा हाच आपला देशी ग्रीन टी, दोन्हींत कॅफिन नाही, रात्री बिनधास्त प्या' असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातलं अर्धंच खरं आहे.

गवती चहात कॅफिन नसतं, हे बरोबर. नावात चहा असला तरी ते गवत आहे, ऊस-ज्वारीच्या कुळातलं. ग्रीन टी मात्र आसाम-दार्जिलिंगच्या त्याच चहाच्या झुडपाचा पाला, फक्त काळ्या चहासारखा आंबवलेला नसतो. त्याच्या एका कपात साधारण 30 मिलिग्रॅम कॅफिन जातं. रात्री झोप उडाली तर दोष गवताला देऊ नका.

दुसरी गफलत आपल्याच घरात होते. आपण पाती टाकतो आणि वर दोन चमचे चहा पावडरही! मग कॅफिन आलंच. 'तुळस' लिहिलेल्या पाकिटांतही पुष्कळदा ग्रीन टी मिसळलेला असतो. मागची बारीक अक्षरं वाचा.

नुसता काढा करायचा तर दोन कपांना चार-पाच पाती पुरतात. कडा धारदार असतात, बोटं सांभाळून धुवा. कात्रीने कापा किंवा सरळ गाठ मारून टाका, म्हणजे गाळायची कटकट नाही. आल्याचा तुकडा ठेचून घाला, पाच मिनिटं मंद उकळा, गॅस बंद करून झाकण ठेवा. लिंबासारखा वास देणारं सिट्रल वाफेबरोबर उडतं, म्हणून झाकण हवंच. गूळ आवडीप्रमाणे. दूध मात्र नको; माझ्या मते त्याने सगळी मजा जाते.