शॅम्पेन महागेल म्हणे! मजुरीचा हिशोब करून बघू

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेली. म्हणणं असं की युरोपात वाईनच्या मळ्यांत बाहेरच्या मजुरांचे हाल होतात ही बोंब उगाच आहे, ते लोक स्वखुशीने येतात, गावाकडच्या कितीतरी पट कमावतात, त्यांना जास्त द्यायला गेलं तर बाटली महागेल नाहीतर मशीन येईल आणि आहे तेही काम जाईल, आणि मालकाचा काय दोष, माणसं तर ठेकेदार आणतो. वाचायला एकदम पटतं. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलं प्रकरण कोर्टापर्यंत गेलंय, म्हणून तेच घेऊन एकेक मुद्दा बघू.

आधी 'बाटली महागेल'. तिथला नियम आहे की ४००० किलो द्राक्षांतून २५५० लिटरच रस घ्यायचा. म्हणजे पाऊण लिटरच्या ३४०० बाटल्या, बाटलीमागे साधारण १.१८ किलो द्राक्षं. २०२३ च्या तोडणीच्या वेळी फ्रान्सची किमान मजुरी तासाला ११.५२ युरो होती. समजा माणूस नवखा आहे, तासाला ४० किलोच तोडतोय, तर किलोमागे २९ सेंट आणि बाटलीमागे ३४ सेंट. मालकाने भरायचा विमाबिमा धरून हात सैल सोडून अर्धा युरो करा. साधी बाटली दुकानात २० युरोच्या आसपास मिळते, नाववाल्या कंपनीची त्याच्या दुप्पट आणि पुढे. मजुरी डबल केली तरी बाटली अर्ध्या युरोने वाढेल, म्हणजे आपले पन्नासएक रुपये. शॅम्पेन पिणारा माणूस पन्नास रुपयांसाठी दुकानातून परत जातो असं ज्याला वाटतं त्याने निदान एकदा लेबल वाचावं.

मशीनची भीती तर तिथे चालतच नाही. शॅम्पेनला तोडणी हातानेच करायची, असा नियमच आहे, कारण घड अख्खा रस काढायच्या प्रेसमध्ये जायला हवा आणि मशीन वेल झोडपून मणी पाडतं. म्हणून तर दरवर्षी दोन-तीन आठवड्यांसाठी लाखभर माणसं लागतात. आपल्याकडे खायच्या द्राक्षाला मांडवाखाली उभं राहून मान वर करून तोडायचं, मान मोडते. तिकडे वेल बुटके, घड गुडघ्याच्या उंचीवर, दिवसभर वाकून नाहीतर उकिडवं बसून काम. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ऊन असं पडलं की त्या तोडणीत चार मजूर गेले, ऊनच कारण का याची चौकशी लागली.

आता 'स्वखुशीने येतात'. येतात, मान्य. पण कशाला हो म्हणून येतात आणि आल्यावर काय मिळतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत ना. त्याच महिन्यात नेल-ल-रपों नावाच्या गावात कामगार खात्याने धाड टाकली, तर मालीहून, सेनेगलहून, आयव्हरी कोस्टहून आलेले ५० च्या वर लोक एका मोडक्या जागेत कोंबलेले, झोपायची सोय कशीबशी केलेली, संडास-बाथरूमची घाण, वायरिंग धोक्याचं. सरकारने ती जागाच बंद केली. बऱ्याच जणांकडे कागदपत्रं नव्हती, म्हणजे पैसे बुडाले तरी पोलिसात जायची सोय नाही, गेलं तर आधी आपल्यालाच धरतील ही भीती. यात खुशी कुठे राहिली ते पोस्टवाल्याने सांगावं. 'गावाकडच्या कितीतरी पट' वगैरे ठीक आहे, पण पट काढायला आधी पैसे हातात पडायला लागतात.

जुलै २०२५ मध्ये तिथल्याच शालों शहरातल्या कोर्टाने याला मानवी तस्करी म्हटलं. मजूर पुरवणारी कंपनी चालवणाऱ्या बाईला ४ वर्षं तुरुंगवास, त्यातली २ स्थगित, कंपनी बरखास्त, त्या मजुरांना प्रत्येकी ४००० युरो भरपाई.

राहिला 'मालकाचा काय दोष'. त्याच निकालात द्राक्षं ज्यांची तोडली जात होती त्या सहकारी संस्थेलाही ७५००० युरो दंड झालाय, फक्त ठेकेदारावर ढकलून सुटका झाली नाही. खरी मेख इथेच आहे असं मला वाटतं. मळेवाला ठेकेदाराला किलोचा रेट देतो, तो पुढे अजून कुणाला देतो, आणि प्रत्येक पायरीवर थोडं थोडं कापून शेवटच्याच्या ताटात काय पडतं ते वरच्याला बघावंच लागत नाही. बाटलीमागचे ते ३४ सेंट मालकाकडून निघतात बहुतेक, पोचत नाहीत.

आणि हे वाचून आपण फार लांबचं बोलतोय असं समजू नका. माझ्या मामाची दिंडोरीकडे वाईनची बाग आहे, पहाटे अंधारात बॅटऱ्या लावून तोडणी चालते, माणसं सुरगाणा-पेठकडची, मुकादम घेऊन येतो. माणूस म्हणून मामा चांगला, चहा-पाणी सगळं बघतो. मागच्या हंगामात मी त्याची हिशोबाची वही चाळली, खताचं कंपनीवार लिहिलेलं, औषधाच्या बाटलीचा नंबरसुद्धा. मजुरीच्या पानावर एका ओळीत मुकादमाचं नाव, पुढे 'टोळी १४' आणि रक्कम. चौदा कोण ते विचारलं तर म्हणाला, ते मुकादमालाच माहीत.