निवारा रिकामा कसा ठेवावा

बेघरांसाठी रात्र निवारा चालवायला घेताय? मग आधी एक गोष्ट पक्की करा: तो भरू द्यायचा नाही. निवारा भरला की पाणी कमी पडतं, माणसं कमी पडतात आणि कुणीतरी लगेच दुसरा मागतं. रिकाम्या निवाऱ्याचं तसं नाही. 'आम्ही सोय केली आहे, लोकच येत नाहीत' हे वाक्य एकदा फायलीत गेलं की वर्षानुवर्षं पुरतं.

केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाने घालून दिलेले निकष जरा अडचणीचे आहेत. एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत पुणे शहर ३१ लाखांचं होतं. म्हणजे त्या हिशेबानेच ३,१०० जणांची सोय. कुणी हे गणित मांडलंच, तर आकडे जुने आहेत, नवी जनगणना होऊ द्या, असं शांतपणे सांगावं. लोकसंख्या तोवर घटली असेल असा आपला सूर हवा.

निवारा स्टेशन, बस डेपो, बाजार यांच्याजवळ असावा, असंही निकष म्हणतात. म्हणूनच पुणे स्टेशन, स्वारगेट, मार्केट यार्ड आणि ससून रुग्णालयाचा परिसर कटाक्षाने टाळा. तिथे माणसं झोपतात. दोन बस बदलून जावं लागेल अशी जागा बघा, तीही दुसऱ्या मजल्यावर. जिना असला की म्हातारी आणि अपंग माणसं आपोआप गळतात. स्टेशनबाहेर दिशा दाखवणारी पाटी लावू नका. पाट्या आत, नियमांच्या. त्या लिहिणाऱ्यांची पुण्यात कधीच टंचाई नव्हती.

निवारा चोवीस तास उघडा हवा, हे तर विसरूनच जा. दार रात्री दहाला बंद करा. लग्नाच्या हॉलवर वाढप्याचं काम करणारा एक वाजता सुटतो, हमालाला पहाटेच्या अंधारात निघायचं असतं. दोघांचाही प्रश्न एका कुलपाने मिटतो. सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढा, कुणाला ताप असला तरी.

आत घेताना आधार कार्ड मागा. नसेल तर 'काढून आणा' म्हणा. ते काढायला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र तिथे चालतं. म्हणून ते प्रमाणपत्र तेवढं देऊ नका. मतदार नोंदणीचंही बोलू नका: बेघर माणसाकडे पत्त्याचा कागद नसला तर बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का, एवढं बघायचं असतं. हे कळलं तर लोक मतदार होतील, मग पाणी मागतील.

कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत, अशी तरतूद आहे. तुम्ही फक्त 'पुरुष' आणि 'महिला' ठेवा. बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर चालत नाही, आणि अनोळखी पुरुषांत त्याला एकटं सोडायला आई तयार होत नाही. मग अख्खं कुटुंब परत फुटपाथवर जातं, कारण तिथे निदान एकमेकांच्या नजरेसमोर झोपता येतं. याला अहवालात 'लाभार्थ्यांची अनास्था' म्हणतात.

लॉकर नकोत. कचरा वेचणाऱ्या बाईचं पोतं म्हणजे उद्याचं जेवण. ते बाहेर ठेवायला सांगितलं की तीही बाहेरच थांबते.

आता ढेकूण. इथे थोडी मेहनत आहे. फवारणी एकदाच करा आणि फक्त गाद्यांवर. खाटेचे सांधे, भिंतीच्या भेगा, स्विचबोर्डाच्या मागची फट यांना हात लावू नका. अंड्यांवर नेहमीच्या औषधाचा फारसा परिणाम होत नाही. ती साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी करावी लागते, ती मंजुरीत अडकू द्या. चादरी गार पाण्यात बुडवून काढा. कडक गरम पाण्यात ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. महिन्याभरात माणसं स्वतःहून निघून जातात.

काळजीवाहक तीन पाळ्यांसाठी तीन हवेत. एकच ठेवा आणि त्याचं मानधन तीन महिने थकवा. पुढचं सगळं तोच बघून घेतो.

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की निवाऱ्याचा विषय सोडून ब्लँकेट वाटायला निघा. एक पांघरायला द्या, अंथरायला काही नको. थंडी जमिनीतून वर येते ही माहिती वाटपाच्या फोटोत दिसत नाही. दिवसा ते ब्लँकेट ठेवायला जागा नसते, आणि अतिक्रमणाची गाडी सामानासकट तेही उचलते. पुढच्या वर्षी वाटायला पुन्हा तीच माणसं हजर.

राहता राहिली पाहणी. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्यांच्या प्रत्यक्ष तपासणीसाठी न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमली होती, त्यामुळे असं कुणी येणारच नाही या भ्रमात राहू नका. आलं, तर दुपारी तीनला बोलवा. सगळे कामावर गेलेत म्हणून सांगा. तुमच्याकडे झोपत नसले, तरी कामाला खरंच गेलेले असतात.